सेल घेत नाही

३० जून २०२५, सोमवार
दादरला माल उतरवला. चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. डॅशबोर्डचे दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत. फुलबाजारातल्या हमालांनी धक्का दिला, दुसऱ्या गियरवर क्लच सोडला, इंजिन लागलं. घरी पोचेपर्यंत बंद केलं नाही. वाटेत डिझेल भरायचं होतं, तेही राहू दिलं.

१ जुलै, मंगळवार
पहाटे दारात एका चावीत सुरू.

३ जुलै, गुरुवार
आज परत दादरलाच. म्हणजे गाडी तापलेली असते तेव्हाच. थंड इंजिनाला काही त्रास नाही. हे लिहून ठेवायला हवं. कधी, किती चालल्यावर, कोणता आवाज. मिस्त्रीला नुसतं "चालू होत नाही" सांगितलं की तो हाताला येईल तो पार्ट बदलतो.

भराभर टकटकटक वाजलं तर बॅटरी उतरलेली. एकच जाड टक् म्हणजे सेल्फचा स्विच खेचला गेला, पण मोटर फिरली नाही. अजिबात आवाज नाही तर चावीकडून वीजच पोचलेली नाही. आपला मधला.

४ जुलै, शुक्रवार
बाबा ओट्यावर बसून होते. मी पहाटे सेल मारला तर म्हणाले, "लांबतोय." झटक्यानंतर त्यांचं बोलणं एकेका शब्दावर आलंय. मला तो सेल नेहमीसारखाच वाटला होता. दुपारी परत मारून ऐकला. लांबतोय. इंजिन पकडायच्या आधी दोन वेढे जास्त घेतं.

५ जुलै, शनिवार
उद्या आषाढी. तुळस, तुळस, तुळस. वाडीतली संपली, गास गावाहून आणखी मागवली. गाडी बांधाच्या उतारावर तोंड खाली करून लावली. रात्री सेल घेतला नाही तर उतार आहे.

६ जुलै, रविवार
माल सगळा गेला. दादरला इंजिन चालूच ठेवलं. शेजारच्या टेम्पोवाल्याने धुराबद्दल ऐकवलं. त्याचं बरोबर होतं.

केबिनमध्ये जळकट वास. दोरा जळाल्यासारखा नाही, प्लास्टिकचा. बॉनेट उघडून पाहिलं, कुठे धूर नाही.

८ जुलै, मंगळवार
स्टेशनच्या पूर्वेला बॅटरीच्या दुकानात गेले. त्याने टर्मिनलला दोन चिमटे लावले, यंत्राकडे बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "गेली." नवीन घ्या, जुनी परत द्या. दादाला फोन केला. तो अंधेरीला ऑफिसात. म्हणाला, "टाकून दे नवी, नाहीतर गाडीच काढून टाक. मी कधीपासून सांगतोय."

घेतली नाही. बॅटरी उतरली असती तर हमाल धक्का मारत असताना हॉर्न तसा वाजला नसता.

येताना मीटर घेतला. डिजिटल, साधा. आणि ग्रॅव्हिटी बघायची काचेची नळी.

९ जुलै, बुधवार
सहाही खाने तपासले. १२५०, १२४५, १२५०, १२५०, १२४०, १२५०. एखादा खाना मेलेला असता तर त्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा पन्नासएक तरी खाली दिसला असता. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्ट. इंजिन चालू असताना १४.२, म्हणजे डायनामोही भरतोय.

बॅटरी चांगली आहे. दादाला आकडे पाठवले. त्याने अंगठा पाठवला.

१० जुलै, गुरुवार
गुरुपौर्णिमा. सोपाऱ्याच्या स्तूपावर सकाळपासून माणसं. आषाढ पौर्णिमा बौद्धांचीही, त्यामुळे चाफ्याच्या दोन पाट्या मी इकडेच ठेवते, दादरला नेत नाही. इथे यायला इंजिन तापत नाही, निर्धास्त बंद केलं.

बुरूड राजाचा कोट म्हणायचे या टेकाडाला. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं. आत दगडी पेटी, पेटीत एकात एक करंडक, भोवती ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती. आणि सोन्याची फुलं. ती सगळी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत गेली. मला दर वेळी त्या फुलांचंच वाटतं. या गावातून फुलं वाहणारे आम्ही पहिले नाही. सोपारा बंदर होतं तेव्हाही कुणीतरी पहाटे उठून खुडत असेल.

१२ जुलै, शनिवार
पाऊस. मीटर हातात घेऊन बसले, पण एकटीने होत नाही. एक जण चावीवर हवा, एक जण बॉनेटखाली.

१३ जुलै, रविवार
दादाची मुलगी, माझी भाची आली. नववीत आहे. तिला चावीवर बसवलं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकामागे दगड. डिझेल तोडणारी केबल बाहेर ओढून ठेवली, म्हणजे सेल नुसता इंजिन फिरवेल, सुरू करणार नाही. आधी मुद्दाम वसई फाट्यापर्यंत चक्कर मारून गाडी तापवून आणली.

सेल मारताना बॅटरीच्या दोन खांबांवर: १०.८. (९.६ च्या खाली जाऊ नये.)
त्याच वेळी सेल्फ मोटरच्या बोल्टवर आणि तिच्या अंगावर: ८.६.

वाटेत २.२ व्होल्ट गेले.

मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर. भाचीला म्हटलं, मार. १.४! जाडजूड वायरीची दोन टोकं विजेच्या हिशेबाने एकच जागा असायला हवी, तिथे १.४. असायला हवे फार तर ०.२.
पॉझिटिव्हच्या बाजूला, मोटरच्या बोल्टपर्यंत: ०.८.
१.४ आणि ०.८. बेरीज जुळली. भाचीने टाळी वाजवली.

झोप येत नाही आनंदाने.

१४ जुलै, सोमवार
भाचीचा प्रश्न: "आत्या, वायर खराब आहे तर दिवे कसे लागतात?"

वही उघडून बसलो. तिला यंदा धाराविद्युत आहे. विभवांतर म्हणजे धारा गुणिले रोध. सेल्फ सुरू होताना दोनशेच्या आसपास अँपिअर ओढतो. १.४ भागिले २००, ०.००७ ओहम. एवढासा रोध. दोन्ही हेडलाइट मिळून दहा अँपिअर घेतात, ते त्याच वाटेने गेले तरी नुकसान ०.०७ व्होल्ट. डोळ्याला कळतही नाही. म्हणून दिवे लख्ख आणि सेल बंद.

मीटर ओहमवर लावून तीच वायर मोजली तर निर्दोष दाखवतो. त्याच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रोध याच्या कितीतरी पट. आत एक तार शाबूत असली तरी "वायर ओके" म्हणून पीं वाजतं. भार पडल्याशिवाय खोट दिसत नाही. सेल मारत असतानाच मोजायचं, दुसरा मार्ग नाही.

आणि तापल्यावरच का, तेही. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. मोटरच्या आतल्या गुंडाळीचाही. आधीच ८.६ पोचत होते, त्यात काय शिल्लक राहणार.

१५ जुलै, मंगळवार
बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी डावा हात वर केला, अंगठा चार बोटांच्या बाजूला नेऊन ठेवला आणि हवेत फिरवला. हँडल! त्यांच्या जुन्या जीपला पुढून हँडल मारायचे. अंगठा वेढून धरला आणि इंजिनने उलटा झटका दिला तर हात मोडायचा. म्हणून पाची बोटं एकाच बाजूला.

भाचीने शोधून सांगितलं: विजेचा सेल्फ पहिल्यांदा १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांना आला, चार्ल्स केटरिंग यांनी केला. त्याआधी बहुतेक जग हाताने फिरवत होतं.

१७ जुलै, गुरुवार
पाऊस. खुडणी अर्धीच. भिजलेला चाफा दादरपर्यंत काळा पडतो.

२० जुलै, रविवार
तुळिंजला चाचांकडे गेले. बैठं दुकान, पत्र्याची शेड, दारात उघडलेले सेल्फ आणि डायनामो ओळीने मांडलेले. चाळीस वर्षं याच कामात आहेत. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून आकडे दोनदा वाचले. "अर्थिंग," म्हणाले आणि गाडीखाली सरकले.

इंजिन रबराच्या पायांवर बसलेलं असतं. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी असते. ती पट्टी बाहेर काढली तर हिरवी. बोटांत चुरली. चासीकडच्या टोकाला रंगाचे थर आणि त्याखाली गंज. राजोडीच्या किनाऱ्याचा खारा वारा या गाडीला रोज लागतो.

चाचांनी मग ॲक्सिलरेटरची केबल दाखवली. वरचं प्लास्टिक वितळलेलं. मला तो वास आठवला. पट्टीतून वाट मिळेना तेव्हा वीज या बारीक पोलादी केबलीतून इंजिनकडे जात होती. दोनशे अँपिअरमधला काही वाटा तरी. पेटली नाही हे नशीब.

नवी पट्टी, जाड. चासी पांढरी होईपर्यंत घासली, बोल्टला दातेरी वॉशर, वरून पेट्रोलियम जेली. केबलही बदलली. पट्टीच्या टोकांवर मोजलं: ०.१५.

चाचांनी पैसे केबलचे आणि पट्टीचे घेतले. मजुरी सांगेनात. शेवटी चहाच्या ग्लासाखाली ठेवून आले.

२१ जुलै, सोमवार
दादरला बंद केली. सुरू झाली.

२२ जुलै, मंगळवार
झाली.

२४ जुलै, गुरुवार
दीप अमावस्या. आईने समया, निरांजनं, कंदील घासून पाटावर मांडले. उद्यापासून श्रावण. बेल, दूर्वा, आघाडा, केळीची पानं. आता महिना दीड महिना मान वर काढायला वेळ नाही.

२८ जुलै, सोमवार
पहिला श्रावणी सोमवार. बेलाच्या गोण्या उतरवल्या. चावी. टक्.

काही सुचेना. पाऊस पडत होता, मागे गाड्यांची रांग. धक्का मारायला माणसं आली, त्यांच्याकडे बघवेना.

रात्री: दादाने गिऱ्हाईक शोधलंय. विरारचा, भंगार आणि जुन्या गाड्या घेणारा. "गणपतीच्या आधी देऊन टाकू. भाड्याचा टेम्पो लावू."
भाड्याचा टेम्पो पहाटे दोनला वाडीच्या चिखलात येतो का? आला तर खुडणी संपेपर्यंत थांबतो का? दादाला हे ठाऊक आहे. तो वाडीत वाढलाय.

२९ जुलै, मंगळवार
गाडी नेली नाही. पाट्या रिक्षात घालून स्टेशन, मग लोकलचा मालडबा. नाळे-निर्मळच्या बायका अजून अशाच जातात, डोक्यावर टोपली, केळीचं पान वरून बांधलेलं. त्यांनी सरकून जागा दिली. एकीने विचारलं, "गाडी विकली काय गो?"

नाही म्हटलं.

३० जुलै, बुधवार
पट्टी घालून १.४ चे ०.१५ झाले. मग पॉझिटिव्हच्या ०.८ चं काय? ते मी कागदावर लिहिलं होतं आणि तिथे कुणी हात लावलेला नाही. दोष दोन आहेत. पहिला मोठा होता, त्याच्या आड दुसरा.

३ ऑगस्ट, रविवार
भाची चावीवर. गाडी तापवलेली.
बॅटरीचा खांब ते पकड: ०.०५.
केबल: ०.१५.
सेल्फच्या स्विचचे दोन जाड बोल्ट, एकात येते, दुसऱ्यातून मोटरला जाते: ०.६.

मग चावी मारत राहिलो, तो टक् येईपर्यंत. आला. त्या क्षणी त्याच दोन बोल्टमध्ये पूर्ण १२ व्होल्ट. म्हणजे स्विच खेचला, आवाज केला, पण आतले तांब्याचे संपर्क चिकटलेच नाहीत.

भाची वहीत स्वतःच आकृती काढत बसली. मी सांगितलं नव्हतं.

५ ऑगस्ट, मंगळवार
चाचांकडे सेल्फ उतरवला. स्विचचं टोपण उघडलं. आत दोन तांब्याचे बोल्ट आणि एक चकती. चावी फिरली की विद्युतचुंबक दांडा खेचतो, दांडा पुढून दात इंजिनला जोडतो आणि मागून चकती दोन बोल्टांवर दाबतो. दरवेळी ठिणगी. इतक्या वर्षांत बोल्टांची एक कड खाऊन गेलेली, काजळ धरलेली. चकती टेकते ती खड्ड्यात.

चाचांनी बोल्ट अर्धा वेढा फिरवून बसवले. न झिजलेली बाजू आता चकतीसमोर. चकती उलटी केली, मागची बाजू नवीच होती. नवा पार्ट काही नाही. ही कारागिरी मला फार आवडली.

पुढे मोटरही उघडली. कार्बनचे ब्रश संपत आलेले, चारही बदलले. मागचा बुश सैल होता, आर्मेचर खांबांना घासल्याच्या खुणा. तोही बदलला. घासत असेल तर तापल्यावर आणखी आवळत असणार.

चाचा म्हणाले, हल्ली लोक सेल्फ उघडू देत नाहीत, नवाच बसवा म्हणतात. त्यांचा मुलगा हे काम शिकला नाही. मालाड की कुठे मोबाइलच्या दुकानात आहे.

स्विचच्या बोल्टांत आता ०.०८. मोटरवर १०.२.

६ ऑगस्ट, बुधवार
पहाटे सेल मारला. ओट्यावरून बाबा: "हं."

९ ऑगस्ट, शनिवार
राखी. दादा, वहिनी, भाची दिवसभर इथे. कालच्या नारळी पौर्णिमेचा नारळीभात उरला होता, तो त्याने मागून घेतला. गाडीचा विषय दोघांनीही काढला नाही. निघताना म्हणाला, "तो माणूस तेवीसला येणार आहे. शब्द दिलाय मी."

१२ ऑगस्ट, मंगळवार
रात्रीची गळती मोजली. बॅटरीची निगेटिव्ह काढून मध्ये मीटर. ०.०३ अँपिअर. ठीक.

१८ ऑगस्ट, सोमवार
शेवटचा श्रावणी सोमवार. पहाटेपासून कोसळतोय. कसाबसा माल पोचवला. परतताना दहिसरपासून रांग. बंद केली, सुरू केली, बंद केली. प्रत्येक वेळी सेल घेतला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी इंजिन बंद करून वाट बघितली.

१९ ऑगस्ट, मंगळवार
थांबत नाही. तुळिंज, आचोळे, स्टेशनचा परिसर, सगळीकडे पाणी. चाचांचा फोन लागत नाही. आमच्या अंगणात चाकाच्या निम्म्यापर्यंत आलं तेव्हा गाडी बांधावर चढवली. सेल्फ इंजिनच्या बुडाशी असतो, पाणी पहिल्यांदा त्याच्यात शिरतं. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवली.

लाईट नाही. बाबांना पलंगासकट आतल्या खोलीत हलवलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार
पाणी ओसरलं. चाफ्याच्या खालच्या ओळी गेल्या. निगेटिव्ह जोडली, सेल मारला. घेतला.

चाचांकडे गेले. दुकानात गुडघाभर आलं होतं. ओळीने मांडलेले आर्मेचर उन्हात वाळत घातलेत. ऊन नव्हतंच, पत्र्यावर ठेवलेत नुसते. मी आणि भाची दुपारभर पुसत बसलो. एकेक घासून, इन्शुलेशन मीटरने मोजून, बरे इकडे, गेलेले तिकडे. गेलेल्यांचा ढीग मोठा. ते काही बोलले नाहीत. मी मोजून सांगत होते, ते कपाळाला हात लावून ऐकत होते.

२३ ऑगस्ट, शनिवार
गिऱ्हाईक आलं. दादाही आला. त्या माणसाने गाडीभोवती फेरी मारली, टायरला लाथ मारली, चासीचा गंज खरवडला. म्हणाला, तापवून दाखवा, तापल्यावर सेल घेत नाही असं कळलंय. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी वसई फाट्यापर्यंत नेऊन आणली, दारात बंद केली, चावी त्या माणसाच्या हातात दिली. त्याने लागोपाठ सहा-सात वेळा मारला.

किंमत वाढवून सांगितली. दादाच्या मनातली होती त्याहून जास्त.

दादा ओट्यावर बाबांशेजारी जाऊन बसला. मी आत चहा ठेवायला गेले. बाहेर काय झालं कळलं नाही. चहा घेऊन आले तेव्हा तो माणूस स्कूटरला किक मारत होता.

दादा म्हणाला, "पासिंग कधी आहे?"
पुढच्या महिन्यात.
"मग आधी ते करून घे."

२४ ऑगस्ट, रविवार
पासिंगसाठी: रिफ्लेक्टरची पट्टी मागे फाटलीय. वायपरचे रबर. नंबरप्लेटचा दिवा. डावा हेडलाइट पिवळट.

हेडलाइटचं लगेच मोजलं. दिव्याच्या अर्थला ०.९. बोल्ट मडगार्डच्या मागे, गंजून बसलाय. गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, उद्या दुपारी काढते. पहाटे दूर्वा आणि जास्वंद न्यायची आहे, गणपतीपर्यंत रोज दोन फेऱ्या. चाचांना म्हटलंय, येताना दादरहून कार्बनचे दोन सेट घेऊन येते, त्यांचे सगळे भिजले.